यादीत नसलेली खूण

३ फेब्रुवारी
सबस्टेशनला नव्या इंजिनियर मॅडम आल्या. तिवारी. वय माझ्या लेकीएवढं, रेवाएवढंच असेल. लॉगबुक आधी डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. "चाचाजी, ये क्या है? के.पा.ट्रि.?" म्हटलं, केळीचं पान लागून लाइन ट्रिप. "और मा.ट्रि.?" माकड. हसल्या. मग हसू आवरून विचारलं, "आपके सिवा कोई पढ़ सकता है इसे?" म्हटलं, दुपारच्या शिफ्टचे शिंदे वाचायचे. शिंदे कुठं आहेत? रिटायर होऊन लेकाकडं, नाशिकला.

लॉगबुक कॉम्प्युटरवर जाणार म्हणे. त्याआधी माझ्या सगळ्या खुणांची अर्थासकट यादी पाहिजे. आठ दिवसांत.

स्वतः मात्र तासभर एसओपी, पीपीई, आरसीए करत होत्या. दोनदा मान डोलावली. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. त्यांची ती टेक्निकल भाषा आणि आमची ती गिचमिड.

४ फेब्रु.
सहा ते दोन. कोणी आलं नाही. चार फीडर, म्हणजे इथून गावांकडं जाणाऱ्या चार लाइनी, दर तासाला चार आकडे. ट्रान्सफॉर्मर दिवसभर घुमतो. अजून त्याच्याशी बोलायला लागलो नाही, एवढंच.

घरीही तेच. बायकोला, नलूला, जाऊन तीन वर्षं होतील. शेजारचे विचारतात, जेवलात का. जेवलो म्हणतो. संपलं संभाषण.

७ फेब्रु.
बाराला किशोर आला, डबा घेऊन. ठेक्यावरचा लाइनमन, कंपनीचा नव्हे, पण त्याच्या गावापासून, दापोऱ्यापासून, इकडचे सगळे खांब त्यानं पायाखाली घातलेले. बायकोनं, मंगलानं, शेवभाजी दिली होती. माझा डबा उघडून बघितला. "भाऊ, पुन्हा खिचडीच? तांदूळ सरले त काय करसान?" निम्मी भाजी माझ्या झाकणात.

आठवड्यातून दोनदा येतो. पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात मी जेवढा बोलतो तेवढा बाकीच्या आठवड्यात मिळून बोलत नाही. तो गेल्यावर घसा दुखतो कधी कधी, सवय नसल्यामुळे.

११ फेब्रु.
यादी केली. सत्तेचाळीस खुणा निघाल्या. सव्वीस वर्षांचा गाळ. काही तर माझ्याच ध्यानात नव्हत्या. 'वा.' म्हणजे वारा की वाढीव लोड? जुनी पानं उलटून बघितली तेव्हा कळलं, वारा. आपणच लिहायचं आणि आपल्यालाच वाचता येऊ नये. मॅडमचं चुकलं नाही.

दोन खुणा घातल्या नाहीत.

एक टिंब. अख्ख्या शिफ्टमध्ये कोणी फिरकलं नाही, फोनही नाही, तर समासात टिंब देतो. ते कंपनीच्या कामाचं नाही.

दुसरी अधिकची (+). एका लाइनमननं परमिटवर सही करून फीडर बंद करून घेतलाय, आणि त्याच फीडरच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचं दहा मिनिटांचं काम निघालं, तर तो फोन करतो: भाऊ, त्याच्याच परमिटवर मी पण चढून घेतो. वेगळं परमिट घ्यायचं तर त्यानं आठ-दहा किलोमीटर इथं येऊन सही करायची. कोण येतो? मग पहिल्याच्या नावापुढं मी अधिकची खूण करून दुसऱ्याचं अक्षर लिहितो. दोघंही उतरले असं कळल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. नियमात हे बसत नाही. मॅडमना सांगितलं तर उद्याच बंद होईल आणि सगळे लाइनमन माझ्या नावानं बोटं मोडतील. शिंदेंना माहीत होतं. एवढ्या वर्षांत एकदाही गडबड झाली नाही.

१२ फेब्रु.
यादी दिली, खाली सही करून. "बस, इतने ही?" म्हटलं, इतने ही.

मॅडमनी ती लॅमिनेट करून टेबलाच्या वर भिंतीवर लावली. माझं अक्षर प्लॅस्टिकमध्ये बघून उगाच बरं वाटलं.

१९ फेब्रु.
दोन ते दहाला आता सोनवणे आहे. खंडव्याकडून बदलून आला. सरळ माणूस. सांगितलं तेवढं करतो, एक इंच इकडं नाही, तिकडं नाही.

आमची पद्धत अशी होती: चार्ज देताना जाणाऱ्यानं लॉगबुकावर बोट ठेवून ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायची, येणाऱ्यानं प्रत्येक ओळीला 'हो' म्हणायचं. पुढं पुढं शिंदेंना वाचून दाखवायची गरजच उरली नाही. ते पानावरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, जा घरी. सोनवणेला अजून वाचून दाखवतो. अधिकच्या खुणेचं सांगायचं राहिलंय. तशी वेळ आली नाही अजून.

२४ फेब्रु.
रेवाचा फोन. परवा येते. दोन दिवस. भोपाळहून गाडी दुपारी एक चाळीसला इथं. येऊन वर्ष झालं तिला.

खोली झाडली. तिच्या आवडीची मिठाई, दराबा, आणला. गादी उन्हात टाकली. सोनवणेला म्हटलं, परवा अर्धा तास आधी येशील का? येतो म्हणाला. माणूस चांगला आहे.

२६ फेब्रु.
किशोरला शॉक लागला. फीडर तीन. खांबावरून पडला. इंदूरला नेलं. रेवा आत झोपली आहे. आज लिहवत नाही.

२८ फेब्रु.
आज लिहितो. जसं झालं तसं.

स. ११.१० गंगारामनं फीडर तीनचं परमिट घेतलं. हा दुसरा लाइनमन, जुना. लाइन बंद केली. १२ च्या सुमारास किशोरचा फोन. त्याच फीडरच्या शेवटच्या टोकाला जोडाची तार सुटलेली, सामान आणून चढायलाच तासभर लागणार होता. "भाऊ, गंगारामच्याच परमिटवर घेऊ का करून?" घे म्हटलं. गंगारामच्या ओळीत लिहिलं, + कि.

१.२० ला सोनवणे आला. माझं लक्ष घड्याळाकडं. पान वाचून दाखवलं नाही. किल्ल्या दिल्या आणि म्हणालो, "तीन नंबर गंगारामकडं आहे." एवढंच. खोटं नव्हतं. १.२५ ला स्कूटर काढली.

१.५० ला गंगाराम परत आला, परमिटवर काम झाल्याची सही केली. किशोर खांबावर असताना सोनवणेनं लाइन चालू केली. त्याच्या हिशेबानं एक परमिट गेलं होतं, एक परत आलं.

त्या वेळी मी स्टेशनवर उभा होतो. गाडी दहा मिनिटं लेट होती. मी खूश होतो.

३ मार्च
रेवा गेली. निघताना म्हणाली, पप्पा, या वेळी तुम्ही काहीच बोलला नाहीत. पोचल्यावर मेसेज: 'टीसी'. टेक केअर. एवढं सगळं लिहायला वेळ कुणाला असतो? मी पण कुणाचं नाव पूर्ण लिहिलं नव्हतं.

६ मार्च
मॅडमचा पहिला रिपोर्ट वर गेला. किशोर विना परमिट खांबावर चढला. स्वतःची चूक. हे असंच ठरलं तर तो ड्यूटीवर नव्हताच. मग ठेकेदार मोकळा, कंपनी मोकळी. पुढचा इलाज नाही, काम नाही, काहीच नाही. दोन मुली आहेत त्याला.

सोनवणेला नोटीस आली नाही. त्यानं नियमानं केलं. मलाही आली नाही. शिफ्ट अर्धा तास मागंपुढं सगळेच करतात, त्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

९ मार्च
मॅडम लॉगबुकाची झेरॉक्स घेऊन आल्या. त्या ओळीवर पेन्सिलीनं गोल. "चाचाजी, ये क्या है?" मग भिंतीवरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, बोट फिरवत. "लिस्ट में तो नहीं है."

म्हटलं, "कुछ नहीं मॅडम. पेन लग गया होगा."

माझ्याकडं बघत राहिल्या. मग झेरॉक्स घडी करून पर्समध्ये ठेवली.

रिटायरमेंटला पाच महिने आहेत. नियमाबाहेरचं काम चालू दिलं म्हटल्यावर सस्पेन्शन, पेन्शन अडकणार. हा विचार मी आधी केला. किशोरचा नंतर केला. खोटं कशाला लिहू, इथं कोण वाचतंय.

१० मार्च
टिंब.

२३ मार्च
किशोर घरी आलाय. दापोऱ्याला गेलो. उजवा हात कोपराखाली नाही. डिस्चार्जच्या कागदावर 'आर.टी. बी.ई.' मंगलानं विचारलं, भाऊ, हे काय लिहिलं आहे? राइट, बिलो एल्बो. मी सांगितलं नाही. म्हटलं, डॉक्टरांचं असतं काही तरी. एका हाताला चार अक्षरं पुरली.

किशोर भिंतीला टेकून बसलेला. मी रडेन अशी भीती होती, तोच मला समजावत होता. म्हणाला, "भाऊ, तुम्ही ड्यूटीवर राह्यले असते त असं झालं नसतं. मी त सगळ्याले तेच सांगतो. तुमची शिफ्ट सरली अन् माझं नशीब सरलं."

त्याला वाटतं तेव्हा दोन वाजून गेले होते. खांबावर घड्याळ कोण बघतो.

 चहा प्यालो.

३० मार्च
काल रविवारी परत गेलो. आता दर रविवारी जायचं. ऊन मी म्हणतंय, तरी जायचं. मुलींना गणितं सांगितली. निघताना मंगलानं डबा दिला. "तिथं एकटेच जेवता, यांनी सांगितलं मले." घेतला. नको म्हणायला पाहिजे होतं. सबस्टेशनात उघडला तर भरीत आणि भाकरी. घास फिरत होता तोंडात. तरी संपवला.

त्या घरात मला मान आहे. नलू गेल्यापासून अशी जागा नव्हती, जिथं गेलो की पोरी दारात येतात. म्हणून सांगत नाही. पेन्शनचं कारण मी स्वतःला देतो, पण खरं कारण हे.

५ एप्रिल
आज चार्ज देताना सोनवणे खुर्चीवर बसलाच नाही. "भाऊ, एक सांगा. मी काय चुकलो?"

"तू नाही चुकला."

"मंग रात्री झोप काऊन नाही लागत मले? तुमच्या यादीत मी दहादा शोधलं. एक परमिट, एक सही. पण ते अधिक कि. दिसतं डोळ्यासमोर. कि. म्हणजे किशोरच ना?"

हो म्हणालो. जीभ आपोआप हलली. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं म्हणाला, "सांगायचं होतं ना भाऊ. एक फोन केला असता मी त्याले."

एक फोन. एवढंच लागत होतं.

७ एप्रिल
रेवाला फोन केला. खुणेचं सांगितलं, लवकर निघाल्याचं नाही. का निघालो हे तिला कळलं तर जन्मभर घेऊन बसेल. ती म्हणाली, पप्पा, गप्प बसा, चारच महिने राहिलेत, आणि तुम्ही मुद्दाम काही केलं नाही. बरोबर आहे तिचं. मुद्दाम केलं नाही. मुद्दाम लपवलं.

मग मीटिंग आली तिची.

१२ एप्रिल
आज रविवार. ठरवून गेलो. वाटेत दोनदा स्कूटर थांबवली. केळीला पाणी चालू होतं, रस्त्यापर्यंत गारवा. परत फिरावं वाटत होतं.

मुली बाहेर होत्या. मंगला चुलीपाशी. किशोर डाव्या हातानं अक्षर गिरवत होता, धाकटीच्या वहीत. सही करता आली पाहिजे म्हणाला.

मी म्हटलं, "किशोर, तेव्हा एक पन्नास झाले होते. माझी शिफ्ट दोनपर्यंत होती. मी एक पंचवीसलाच निघालो. रेवा येणार होती. सोनवणेला तुझं सांगितलं नाही. नुसतं लिहून ठेवलं, जे त्याला वाचता येत नव्हतं. मॅडमनी मागितलेल्या यादीतून ते मीच वगळलं होतं. परत विचारलं तेव्हा पेन लागला म्हणालो."

एका दमात म्हणालो. पाठ केल्यासारखं. पाठच केलं होतं.

त्यानं पेन्सिल आत ठेवून वही मिटली. मंगलाचा हात थांबला होता. मग त्यानं विचारलं, "लिहून देता का हे?"

"देतो."

"मंग द्या."

त्यानं वही परत उघडली. मी उठलो तेव्हा मंगला आत निघून गेली. दोघी पोरी अंगणात 'काका, चालले?' म्हणाल्या. त्यांना अजून माहीत नाही.

१४ एप्रिल
लिहून दिलं. दोन पानं. एकही शब्द तोडला नाही. नावं पूर्ण, गावं पूर्ण, वेळा पूर्ण. 'परमिट'सुद्धा आठ वेळा पूर्ण लिहिलं. हात सवयीनं 'प.' करून थांबायचा, परत पुढं ओढायचो.

मॅडमनी उभ्यानं वाचलं. मग बसून परत वाचलं. दार लावलं. "चाचाजी, ये मैंने अभी इनवर्ड नहीं किया है. घर ले जाइए. कल सोचके लाइए. आपके चार महीने…"

म्हटलं, "मॅडम, कल तक मैं बदल जाऊंगा. अभी ले लो."

शिक्का मारला. नंबर घातला. मग म्हणाल्या, "उस दिन आपने पेन बोला, मैंने मान लिया. मैं भी लिखूंगी ये."  पहिलीच पोस्टिंग आहे पोरीची.

१६ एप्रिल
सस्पेन्शन आलं. हेडक्वार्टर न सोडण्याची सूचना. मी कुठं जाणार आहे सोडून?

सकाळी पाचला जाग आली. कपडे घातले. मग आठवलं.

१९ एप्रिल
रविवार. दापोऱ्याला गेलो नाही. बोलावलं नव्हतं. आधीही कुणी बोलावत नव्हतं, पण तेव्हा जाता येत होतं.

मंगलाचा डबा घासून ठेवलाय. परत कसा द्यावा कळत नाही. कुणाच्या हाती पाठवला तर तोडल्यासारखं होतं. स्वतः न्यावा तर तोंड वर करून गेल्यासारखं.

रेवाला सगळं सांगितलं, लवकर का निघालो तेही. आता रोज फोन करते. दोघंही फार बोलत नाही. ती रडते आणि मी हवेचं सांगतो.

२३ एप्रिल
चौकशी. डिव्हिजन ऑफिस. बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय, मागच्या पानावर, कारण हाताला काही तरी काम पाहिजे.

साडेदहाला आलो तर किशोर आधीच बसलेला. बाकाच्या त्या टोकाला. पांढरा शर्ट, उजवी बाही दुमडून पिन लावलेली. एकटाच आला होता, बसनं. मी या टोकाला बसलो. मधे तीन माणसं मावतील एवढी जागा. दोघांनीही समोरच्या नोटीस बोर्डाकडं बघितलं. पाऊण तास.

त्यानं पाण्याची बाटली काढली. नवी, सीलबंद. एका हातानं झाकण फिरेना. माझा हात पुढं गेला, अर्ध्यावर थांबला. त्यानं बाटली गुडघ्यांत दाबली आणि उघडली. थोडं पाणी पॅन्टवर सांडलं. प्यायला. मग झाकण न लावता बाटली बाकावर ठेवली. मधल्या जागेत. मला की नुसतीच, कळलं नाही. तहान लागली होती, तरी घेतली नाही.

आधी मला बोलावलं. भोपाळचे साहेब, चष्मेवाले. झेरॉक्स पुढं सरकवली. "ये प्लस का मतलब बताइए." म्हटलं, "साहब, आदमी." त्यांनी वर बघितलं. म्हटलं, "इस जगह एक आदमी था. खंभे पर." लिहून घेणाऱ्यानं विचारलं, हेच लिहू का? साहेब म्हणाले, यही लिखो.

बाकी सगळं अर्ध्या तासात झालं. निर्णय महिन्याभरानं. माझं काय होईल ते कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. एवढं कळलं की किशोरच्या नावापुढचं 'विना परमिट' परत तपासणार आहेत.

बाहेर आलो. शिपायानं त्याचं नाव पुकारलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. माझ्या बाजूनं गेला. अंग चोरलं नाही, थांबलाही नाही.

आत जाऊन वीस मिनिटं झाली. माझं काम संपलंय, मी जाऊ शकतो. दापोऱ्याची बस दीडला आहे आणि ऊन फार आहे. बाहेर आला की विचारणार आहे, घरापर्यंत सोडू का. नाही म्हणाला तर नाही. स्टँडपर्यंत मागून चालेन, बस लागेपर्यंत लांब उभा राहीन.